मोट कुणी पाहिलीय?

पत्र

सर, नमस्कार. मी सेलू तालुक्यातला, वय 26. मराठी घेऊन बी.ए. केलं, सध्या एका कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. कॉलेजपासून कविता लिहितो. मागच्या महिन्यात परभणीला एका कविसंमेलनात मोटेवरची कविता वाचली. टाळ्या पडल्या. पण अध्यक्ष बोलायला उठले आणि म्हणाले, 'पोरगा वाचतो छान, पण ही त्यांची झेरॉक्स आहे.' सगळे हसले. ज्यांचं नाव घेतलं ते माझं दैवत आहेत, त्यांच्या कविता मला तोंडपाठ आहेत. घरी आल्यावर ठरवलं की आता कुणाचंच वाचायचं नाही, म्हणजे कुणाची छाप पडणार नाही. पण वाचणं थांबलं तसं लिहिणंही थांबलं. त्यात आणखी एक गंमत. माझीच एक कविता लातूरकडच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्याच्या नावानं फिरतेय. मग मी चोर का तो चोर? दिवसभर डोक्यात हेच. काल एक म्हातारे बियाण्याची पिशवी कानाशी धरून हलवून बघत होते, आणि मी त्यांच्याकडं बघत बघत हाच विचार करत होतो. सोबत पाच कविता पाठवतोय. मला अहो-जाहो करू नका.

उत्तर

पाचही कविता वाचल्या. अध्यक्ष बोलले ते खरं आहे. भरल्या सभेत, लोकांना हसवत बोलायची गरज नव्हती, तेवढं त्यांचं चुकलं. तुझ्या दैवताच्या कविता मीही वाचल्यात. ओळ कुठं मोडायची, 'माय' कुठं आणायची, शेवटच्या कडव्यात बापाला कसं गप्प बसवायचं, हे सगळं तू त्यांच्याकडून उचललंयस. त्यांचं नाव इथं मुद्दाम छापत नाही, नाहीतर वाचक तुला सोडून त्यांच्यावरच बोलत बसतील.

उचललंस यात मला फारसं वावगं दिसत नाही. खटकलं ते दुसरंच.

तुझ्या मोटेच्या कवितेत नाडा आहे, सोंदूर आहे, धावेवरून मागं सरकणारे बैल आहेत, थारोळ्यात धबाधबा पडणारं पाणी आहे. शब्द एकही चुकलेला नाही. पण बाबा रे, तू सव्वीस वर्षांचा. चालती मोट तू कधी पाहिलीस? तुझ्या वडलांनी तरी धड पाहिली असेल का? तुमच्याकडं मोटेच्या जागी इंजिनं आली, मग विजेचे पंप, मग बोअर, आता तर रात्रीची लाईट आली की मोबाइलवरून मोटार चालू होते. ज्यांची कविता तू गिरवतोस त्यांनी मोट हाकलेली आहे. तू ती पाहिलीस त्यांच्या पुस्तकात. तुला वाटत होतं तू गावाचं चित्र काढतोयस, आणि तू काढत होतास चित्राचं चित्र.

हा घोळ जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात नाट्याला 'लोकवृत्तानुकरण' म्हटलंय, म्हणजे लोकांच्या जगण्यावागण्याचं अनुकरण. ग्रीकांकडं ॲरिस्टॉटल सांगतो की माणूस हा सगळ्या प्राण्यांत जास्त नकल्या, आणि पहिले धडे तो नकलेतूनच शिकतो. त्याचा गुरू प्लेटो मात्र कलावंतांवर खार खाऊन होता. त्यानं उदाहरण दिलं पलंगाचं, आपण बाज म्हणू. बाजेची एक मूळ कल्पना, तिच्यावरून सुतारानं केलेली बाज, आणि त्या बाजेवरून चित्रकारानं काढलेलं चित्र. म्हणून चित्रकार सत्यापासून तिसऱ्या पायरीवर. प्लेटोचं हे मला कधीच पुरतं पटलेलं नाही. पण तुझी मोट वाचताना आठवलं खरं. ती चौथ्या पायरीवर उभी आहे.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सेलूहून सकाळची गाडी धर आणि संभाजीनगरला उतरून वेरूळला जा. शाळेच्या सहलीत गेला असशील, पण तेव्हा आपण लेण्यांपेक्षा डबा बघत असतो. आधी 10 क्रमांकाच्या लेण्यात शीर, तेच ज्याला लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात. आत गेल्यावर वर बघ. छताला एकापुढं एक वळलेले दगडी वासे आहेत. लाकडी छताला असे वासे लागतात, भार पेलायला. डोंगर पोखरून केलेल्या छताला वाशांची गरजच नसते. हे वासे काही पेलत नाहीत; लाकडी चैत्यगृहांची, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहांची, सवय दगडात उतरलीय. कार्ल्याला तर दगडी छताखाली खरोखरीचे लाकडी वासे बसवलेत, ते अजून आहेत. दिसायला हे सगळं देखणं, याबद्दल वाद नाही. दगडात लाकूड करून दाखवण्याची हौसही त्यात असेल. पण तुझ्या कवितेतली मोट हा असला वासा आहे. कवितेचं वजन तिच्यावर टेकलेलंच नाही. ती काढून तिथं पाण्याचा टँकर ठेवला तरी कविता पडत नाही, आणि हे लक्षण वाईट.

मग 16 क्रमांक, कैलास. ज्या लेण्यापुढं आपण मराठवाड्याची माणसं छाती फुगवून उभी राहतो, ती नक्कल आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम, आठव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्याचा आराखडा कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी इतका जुळतो की अभ्यासक दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बोलतात. विरूपाक्ष बांधलं चालुक्य विक्रमादित्य दुसरा याच्या राणीनं, लोकमहादेवीनं, नवऱ्यानं पल्लवांची राजधानी कांची जिंकली त्याची आठवण म्हणून. आणि त्या मंदिरावर दाट सावली आहे कांचीच्याच कैलासनाथाची, म्हणजे हरलेल्या पल्लवांच्या देवळाची! विक्रमादित्यानं कांची जिंकल्यावर ते देऊळ लुटलं नाही, उलट तिथं स्वतःचा कन्नड लेख कोरून ठेवला. पुढं राष्ट्रकूटांनी चालुक्यांनाच बुडवलं आणि त्यांच्या देवळाचा नमुना घेतला. जिंकणारे हरणाऱ्याची नक्कल करत आले, दोन पिढ्या.

मग कैलासाला झेरॉक्स का म्हणत नाहीत? आकार मोठा म्हणून असं गाइड सांगेल. मला ते कारण पुरत नाही. पट्टदकलचं देऊळ पायापासून कळसाकडं बांधत नेलं. वेरूळला डोंगर होता, चिरे रचायचेच नव्हते. तेव्हा कळसापासून सुरुवात करून पायाकडं उतरावं लागलं. नमुना तोच, पण कामाची दिशा उलटी, आणि चुकलेला घाव दुरुस्त करायला दुसरा चिरा नाही. समोरच्या खडकानं नक्कल करणाऱ्याला प्रत्येक हाताला नवा प्रश्न घातला असणार. बडोद्याला सापडलेल्या, नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात असं वर्णन आहे की हे देऊळ घडवणारा स्वतःच चकित झाला, आपल्या हातून हे झालं तरी कसं म्हणून. राजाच्या भाटांची अतिशयोक्ती समज हवं तर. मला मात्र त्यात कारागिराचा खरा सूर ऐकू येतो.

परत येताना बीबी का मकबऱ्याशी थांबलास तर बरं, नाही थांबलास तरी चालेल. बिचाऱ्याला 'दख्खनचा ताज' म्हणून म्हणून लोकांनी मारलंय. त्याच्या दरवाजावर वास्तुशिल्पकार म्हणून अताउल्लाचं नाव आहे, आणि हा ताजमहालाचा मुख्य रचनाकार मानला जातो त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणजे त्यानं उचललं ते बापाघरचं. साडेसहा लाखांवर रुपये खर्च झाल्याची नोंद आहे. आगऱ्याच्या मानानं ही चिल्लर, म्हणून संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, बाकी काळा दगड आणि वर चुन्याचा गिलावा. कंजूषपणा दिसतो म्हणून लोक हसतात. माझ्या मते त्याचं दुखणं पैशाचं नाही. त्यानं संगमरवराचा आव आणला. आपल्या काळ्या दगडात तोच आकार उघड उघड काढला असता तर कुणी ताजचं नावही घेतलं नसतं.

तर तुझ्याकडचा खडक कुठला? तू दुकानात उभा असतोस. जूनमध्ये डीएपी खताच्या पोत्यासोबत नको असलेली बाटली शेतकऱ्याच्या गळ्यात मारायची, त्याला तुम्ही लोक 'लिंकिंग' म्हणता. ते तू रोज करतोस किंवा होताना बघतोस. सोयाबीन उगवलं नाही की माणूस रिकामी पिशवी आणि टॅग घेऊन येतो, आणि तुझा मालक त्याला पंचनाम्याचा अर्ज कृषी कार्यालयात द्यायला सांगतो. उधारीची वही तुझ्या अक्षरात आहे. तुझ्या दैवताला हे काही दिसलं नाही, कारण ते औताच्या मागं होते आणि तू काउंटरच्या मागं आहेस. काउंटरच्या मागून गाव कसं दिसतं हे मराठी कवितेत मी तरी फार वाचलेलं नाही. आणि तुझ्या पत्रात ते सहज येऊन गेलं : बियाण्याची पिशवी कानाशी धरून हलवणारे म्हातारे. काय ऐकत असतील ते? पाच कवितांत मला एवढं जागं करणारं एकच ठिकाण सापडलं, 'दुबार' या कवितेतलं :

पहिली पेरणी देवाच्या नावानं,
दुसरी दुकानदाराच्या.

या दोन ओळी तुझ्या दैवताला लिहिता आल्या नसत्या. चाल त्यांचीच आहे, तरीसुद्धा.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ध्वन्यालोकाच्या शेवटच्या भागात दोन कवींमधलं साम्य तीन तऱ्हांचं सांगितलंय. एक आरशातल्या प्रतिबिंबासारखं, त्याला स्वतःचा जीव नसतो. दुसरं चित्रासारखं, त्यात जीव असतो पण अगदी क्षीण. तिसरं सारखी दिसणारी दोन माणसं असतात तसं; तोंडवळा एक, पण जीव ज्याचा त्याला. हे तिसरं टाकायचं कारण नाही, असं त्याचं मत. तुझ्या तीन कविता आरशातल्या, आईवरची एक चित्रातली, आणि 'दुबार' हे दुसरं माणूस. पाचात एक. तुझ्या वयाला हे प्रमाण मला काळजीचं वाटत नाही.

आता वाचन बंद केल्याबद्दल. हा मूर्खपणा आहे, आजच्या आज थांबव. छाप पडू नये म्हणून न वाचणाऱ्यावर छाप पडतेच. फक्त ती व्हॉट्सॲपवरच्या सुविचारांची आणि सिनेमातल्या गाण्यांची पडते. तुझ्याच भागातली माणसं बघ. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी उघड सांगितलं की आपण व्यासांचा मागोवा घेत, भाष्यकारांना वाट पुसत चाललोय. लपवाछपवी नाही. आणि तिथंच ती ओवी आहे :

राजहंसाचें चालणें । भूतळीं जालिया शहाणें ।
आणिक काय कोणें । चालावेंचि ना ॥

राजहंसाची चाल जगात देखणी ठरली म्हणून बाकीच्यांनी चालूच नये की काय? संमेलनात कुणी हसलं तर मनातल्या मनात ही म्हणायची.

पुढं त्याच पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठात लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी शेवटी दम भरला : जो ज्ञानेश्वरीत आपली मराठी ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नारळाची रिकामी करवंटी. इतकं कडक बोलणाऱ्या या माणसानं स्वतः काय केलं? ज्ञानोबांचीच ओवी घेतली आणि त्याआधीच, 1573 मध्ये, काशीत बसून अठरा हजारांवर ओव्यांचं एकनाथी भागवत पुरं केलं. भारुडांत तर जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या, दिसेल त्याचा आवाज काढला. छंद घेतला, वाट घेतली, सोंगं घेतली, त्यात त्यांना पाप दिसलं नाही. दुसऱ्याच्या ताटात आपलं कालवणं, ते मात्र नाही. तुझ्या 'मी चोर का तो चोर'ला याहून नेमकं उत्तर मला देता येणार नाही.

तेव्हा वाच, आणि वर चढत वाच. तुझ्या दैवतानं कुणाचं वाचलं, काय ऐकलं, ते शोध. त्यांच्या ओळीची चाल मला तरी जात्यावरच्या ओवीसारखी लागते. तुझ्या आजीला किंवा शेजारच्या एखाद्या म्हातारीला अजून दहा-वीस ओव्या येत असतील, त्या वहीत उतरवून घे. एकदा मूळ झरा सापडला की मधल्या माणसाची भीती जाते.

आणि नक्कल करायचीच तर नीट कर, हातानं. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला मुंबईच्या जे. जे. स्कूलची पोरं ग्रिफिथ्स साहेबांसोबत 1872 पासून वर्षानुवर्षं येत होती. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅमच्या सोबत बंगालमधून नंदलाल बोस आले, तरुण होते, त्यांनीही अंधाऱ्या लेण्यांत बसून प्रती केल्या. भारतीय चित्रकलेत पुढं त्यांनी काय केलं ते तुला माहीत असेल, नसेल तर शोध. त्यांना नकलाकार कोणी म्हणत नाही. प्रत करताना हाताला कळतं की ही रेघ इथं का वळली. पाठांतरात हे कळत नाही. पाठांतरात नुसता नाद कानात बसतो, आणि तुझं नेमकं तेच झालंय.

तेव्हा असं कर. त्यांची एक कविता घे, वहीत सावकाश उतरव. ओळी किती, श्वास कुठं, क्रियापद कुठं लपवलंय, शेवटाला घाई केलीय की रेंगाळलेत, हे समासात टीप. मग तितक्याच ओळींत, त्याच चालीत, लिंकिंगवर लिही, किंवा त्या पिशवी हलवणाऱ्या म्हाताऱ्यांवर. चाल मध्येच मोडेल. त्यांची चाल औताची आहे, तुझ्या दुकानात माणसं घाईत असतात, मोबाइल वाजतो, कुणी मध्येच विचारतं 'युरिया आला का'. जिथं मोडेल तिथं दुरुस्त करू नकोस, तशीच ठेवून पुढं जा. अशा काही झाल्या की मला पाठव, मी वाचीन. संमेलनात वाचायची झाली तर आधी सांग की ही चाल अमक्यांकडून घेतलीय. मग अध्यक्षांना सांगायला ते उरणार नाही.

राहिला लातूरचा गडी. राजशेखर नावाचा कवी-मीमांसक होऊन गेला, दहाव्या शतकाच्या तोंडाचा, त्याचं घराणं महाराष्ट्राशी नातं सांगणारं. काव्यमीमांसेत तो खुशाल म्हणतो, 'नास्त्यचौरः कविजनो नास्त्यचौरो वणिग्जनः'. चोर नाही असा कवी नाही आणि चोर नाही असा व्यापारीही नाही. ज्याला लपवता येतं तो मजेत राहतो. तू कवीही आहेस आणि दुकानातही आहेस, तेव्हा तुला दोन्हीकडून बसलं. त्याच ग्रंथात त्याच्या बायकोचं, अवंतिसुंदरीचं मत दिलंय, ते तर भारीच. दुसऱ्याचं घ्यायला सबबी कुठल्या चालतात याची ती यादीच देते : तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध, मूळ लिहिणारा दूर परमुलखात आहे, त्याची वाणी गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी. अकराशे वर्षं झाली, ग्रुपवरच्या लोकांच्या सबबी याहून पुढं गेलेल्या नाहीत. (नामदेवांच्या बाबतीत झालं ते अगदी उलटं. नरसीच्या नाम्याचं नाव एवढं मोठं की पुढच्या इतर नाम्यांचे अभंगही त्यांच्याच गाथेत येऊन बसले, आणि ते निवडता निवडता अभ्यासकांना घाम फुटतो.)

कायद्याचं म्हणशील तर 1957 चा कॉपीराइट कायदा तुझ्या बाजूनं आहे. कविता लिहिली की हक्क आपोआप तुझा, नोंदणी लागत नाही, आणि तो हयातभर व मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. कवितेवर तुझं नाव असावं हा हक्कही कलम 57 मध्ये वेगळा सांगितलाय. उलट 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका नाटक-सिनेमाच्या खटल्यात ठरवलं की नुसत्या कल्पनेवर किंवा विषयावर कुणाचा हक्क नसतो, तो मांडणीवर असतो. म्हणजे तू बापावर, दुष्काळावर, मोटेवर लिहिलंस तर कुणी तुला कोर्टात खेचू शकत नाही. त्यानं मात्र ओळन्ओळ उचललीय.

पण कोर्टाच्या गोष्टी इतक्यात नको. तारखेसकट तुझी मूळ नोंद जपून ठेव, वहीचं पान, फोनमधला जुना मेसेज, जे असेल ते. त्याच्या पोस्टचा स्क्रीनशॉट काढ. मग त्याला एकट्याला निरोप टाक, ग्रुपवर नाही : 'दादा, ही कविता माझी आहे, नाव दुरुस्त कराल का?' शंभरातल्या किती जणांना मुळात माहीतच नसतं की कविता कुणाची. पुढून आली, नाव नव्हतं, आपलं टाकलं. ऐकलं नाही तर ग्रुपच्या ॲडमिनला पुरावा दाखव आणि पुढं एखाद्या नियतकालिकात ती कविता छापून आण, म्हणजे वाद मिटतो. ऐकलं तर त्याला 'दुबार' पाठव. तुझ्या पाच कवितांमधली कुठली घ्यावी हे त्याला कळलं नसलं तरी कविता वाचणारा माणूस आहे, आणि असे लोक आपल्याकडं काही पोत्यानं मिळत नाहीत.